एंगल्सच्या घरचा नाताळ

मार्क्सचे नाव उच्चारले की पाठोपाठ एंगल्सचे नाव येतेच. आपल्याकडे या जोडनावाची इतकी सवय झाली आहे की, एंगल्स नावाचा एक स्वतंत्र, हाडामांसाचा माणूस होऊन गेला, हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. मोर्चाच्या फलकांवर दोन दाढ्या शेजारी शेजारी असतात. त्यांतली अधिक घनदाट ती मार्क्सची आणि दुसरी एंगल्सची, एवढीच बहुतेकांची ओळख. परीक्षेपुरते वाचणाऱ्याला 'कम्युनिस्ट जाहीरनामा' १८४८ सालचा आणि 'भांडवल'चा पहिला खंड १८६७ सालचा हे ठाऊक असते. त्यापलीकडे जाण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही.

या लेखात एंगल्सचे तत्त्वज्ञान सांगण्याचा विचार नाही. तो अधिकार आमच्या अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचा. येथे त्याच्या आयुष्याकडे पाहायचे आहे ते लंडनमधील त्याच्या घराच्या दारातून, आणि तेही डिसेंबर महिन्यात. देव न मानणारा, चर्चची पायरी न चढणारा हा जर्मन गृहस्थ परक्या देशात, परक्या शहरात दरवर्षी नाताळ मोठ्या थाटाने साजरा करीत असे. त्याच्या टेबलाभोवती जी माणसे बसत, त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या देशात पाऊल टाकण्याची बंदी होती.

फ्रेडरिक एंगल्सचा जन्म २८ नोव्हेंबर १८२० रोजी ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन या गावी झाला. घराणे कापड गिरणीवाल्यांचे, सधन आणि कमालीचे धर्मनिष्ठ. वुप्पर नदीच्या त्या खोऱ्यात एकीकडे प्रार्थना, प्रवचने आणि बायबलचे पाठ चालत आणि दुसरीकडे रंगाच्या कारखान्यांचे पाणी नदीत सोडलेले असे. त्यामुळे नदी तांबडी वाहत असे. पोरवयातच गिरणीत जुंपलेली मुले आणि दारूत बुडालेले विणकर त्याने जवळून पाहिले होते. थोरला मुलगा म्हणून धंदा त्यालाच सांभाळायचा होता. तेव्हा शाळेची शेवटची परीक्षाही देऊ न देता वडिलांनी १८३७ साली त्याला व्यापारात घातले. पुढे ब्रेमेन बंदरात पेढीवर उमेदवारी करीत असताना त्याने आपल्या खोऱ्यातील ढोंगाचा समाचार घेणारी पत्रे निनावीपणे एका नियतकालिकात छापली आणि गावात खळबळ उडवून दिली. लेखक कोण, याचा पत्ता गावाला लागला नाही. मुलाच्या श्रद्धेला तडा गेल्याचे घरच्यांना कळू लागले, तेव्हा मात्र फार उशीर झाला होता.

बर्लिनला तोफखान्यात एक वर्षाची लष्करी नोकरी झाल्यावर वडिलांनी त्याला नोव्हेंबर १८४२ मध्ये मँचेस्टरला धाडले. तेथे त्यांच्या भागीदारीची सूतगिरणी होती. मुलगा जहाल विचारांपासून दूर राहील असा त्यांचा हिशेब होता. इतका चुकलेला हिशेब क्वचितच कोणा व्यापाऱ्याने केला असेल! मँचेस्टर म्हणजे त्या काळी साऱ्या जगाच्या कापडधंद्याची राजधानी. तिथल्या कामगार वस्त्यांत एंगल्स हिंडला. त्याला वाट दाखवायला होती मेरी बर्न्स ही आयरिश कामकरी मुलगी. या भटकंतीतून १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरचा त्याचा ग्रंथ निघाला. तो छापला गेला तेव्हा लेखकाचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. आपल्या वर्गात बसणाऱ्या काहींचे वय तेवढेच असेल, एवढेच नमूद करून पुढे जातो.

१८४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये मार्क्सची आणि त्याची खरी गाठ पडली. त्याआधी कोलोनला एकदा भेट झाली होती, पण ती अगदी कोरडी. पॅरिसमध्ये मात्र दहा दिवस दोघे बोलत राहिले आणि मैत्री जमली ती जन्माची. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ब्रुसेल्स, जाहीरनामा, १८४८ च्या क्रांत्या, कोलोनचे वृत्तपत्र. १८४९ मध्ये बाडेनच्या उठावात एंगल्स हातात शस्त्र घेऊन लढला. उठाव मोडल्यावर तो स्वित्झर्लंडमध्ये निसटला आणि जिनोआहून शिडाच्या जहाजाने समुद्रमार्गे लंडनला पोहोचला. मार्क्स आधीच तेथे आला होता. दोघांचीही मायभूमी सुटली ती कायमची.

आता प्रश्न पोटाचा होता. मार्क्सच्या पाठीमागे बायको, मुले आणि कर्ज. सोहो भागातल्या दोन खोल्यांत त्याचा संसार आणि वाचनालयात त्याचे काम. लेखणीवर घर चालणे अशक्य होते. एंगल्सने निर्णय घेतला आणि १८५० च्या अखेरीस तो पुन्हा मँचेस्टरला, वडिलांच्याच पेढीवर, कारकुनी करायला गेला. ज्या व्यवस्थेविरुद्ध त्याने ग्रंथ लिहिला तिच्याच हिशेबवह्या तो जवळजवळ वीस वर्षे लिहीत होता. या व्यापाराचा त्याला मनापासून तिटकारा होता. पण महिन्यामागून महिने नोटा लंडनकडे जात राहिल्या. टपालात चोरी होऊ नये म्हणून तो नोटेचे दोन तुकडे करी आणि ते दोन वेगळ्या पाकिटांतून पाठवी. नाताळच्या सुमारास या पाकिटांबरोबर वाइनच्या बाटल्यांची पेटीही येई आणि मार्क्सची पत्नी जेनी आभाराचे पत्र लिही. त्या घरात सोहोच्या वर्षांत तीन मुले दगावली होती. अशा घरात डिसेंबरात येणारी ती पेटी म्हणजे काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

मँचेस्टरमध्ये एंगल्सचे आयुष्य दुहेरी होते. एका बिऱ्हाडी तो प्रतिष्ठित व्यापारी म्हणून राही, क्लबात जाई, घोड्यावर बसून कोल्ह्यांच्या शिकारीतही भाग घेई. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या छोट्या घरी मेरी आणि तिची धाकटी बहीण लिझी राहत. लग्नसंस्था ही मालमत्तेची संस्था आहे असे त्याचे मत होते आणि मेरीशी त्याने कधी विवाह केला नाही. याच वर्षांत आपल्याकडे १८५७ चा उठाव झाला, तेव्हा दिल्लीचा वेढा आणि लखनौची लढाई यांवर न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रासाठी लेख लिहिणारा हाच माणूस होता. त्यांतले काही लेख मार्क्सच्या मागणीवरून लिहिलेले होते आणि ते कोणाच्याच नावाने छापलेले नव्हते.

१८६२ चा नाताळ नुकताच उलटला होता. जानेवारीच्या ७ तारखेच्या सुमारास मेरी अचानक वारली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती धडधाकट होती. एंगल्सने त्याच दिवशी मार्क्सला कळवले. उलटटपाली मार्क्सचे पत्र आले. त्यात सांत्वनाच्या दोन ओळी होत्या आणि उरलेले सारे पत्र घरभाडे, शाळेची फी आणि उसनवारी यांच्या रडगाण्याने भरलेले होते. एंगल्सला ते अतिशय लागले. त्याच्या सुखवस्तू व्यापारी ओळखीच्यांनीही त्याच्याशी अधिक सहृदयतेने वर्तन केले होते आणि जिवलग मित्राने असे लिहावे! पाच-सहा दिवस त्याने उत्तरच दिले नाही. दिले तेव्हा दुखावल्याचे स्पष्ट लिहिले. मार्क्सने त्यावर माफी मागितली, आणि मार्क्स सहसा कोणाची माफी मागणारा नव्हता. एंगल्सने ती मोकळ्या मनाने घेतली आणि लगोलग शंभर पौंडांची सोयही केली. त्या दोघांच्या चाळीस वर्षांच्या मैत्रीला एवढा एकच खोल ओरखडा. पण चरित्र लिहिताना तो गाळला तर मैत्रीची किंमतच कळणार नाही, असे मला वाटते.

१८६९ च्या ३० जूनला एंगल्सने पेढीवरचा आपला शेवटचा दिवस भरला. मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर तेव्हा चौदा वर्षांची होती आणि त्याच्याकडे पाहुणी आली होती. हातातली काठी हवेत फिरवीत, गात गात, शेत तुडवीत घरी परतणारा एंगल्स तिने पाहिला आणि तो तिला जन्मभर आठवत राहिला. भागीदारीची रक्कम घेऊन तो मोकळा झाला. मार्क्सला वर्षाला ३५० पौंड मिळतील अशी तजवीज करून १८७० च्या सप्टेंबरात तो लंडनला आला. त्याने घर घेतले ते प्रिमरोज हिल या टेकडीलगत, १२२, रीजंट्स पार्क रोड. मार्क्सचे घर तेथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मार्क्सच्या अभ्यासिकेत दोघे येरझाऱ्या घालीत, प्रत्येक जण आपापल्या बाजूने, आणि वळणाच्या जागी जमिनीला त्यांच्या टाचांनी खळगे पडले होते.

लंडन तेव्हा जगातले सर्वांत मोठे शहर होते. १८८० च्या सुमारास त्याची वस्ती चाळीस लाखांच्या आसपास होती. धुके, कोळशाचा धूर, घोडागाड्यांची गर्दी, पूर्वेकडे गोदीकामगारांच्या कोंदट वस्त्या. आणि या गर्दीत युरोपभरचे हद्दपार. पॅरिस कम्यून मोडल्यावर आलेले फ्रेंच, झारच्या पोलिसांना चुकवून आलेले रशियन, पोलिश आणि १८७८ साली बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्ध कायदा केल्यापासून जर्मन. अशा शहरात माणसे हरवून जातात. ज्यांनी वसतिगृहात एकट्याने दिवाळी काढली असेल, त्यांना हे सांगायला नको. सणाच्या दिवशी परक्या गावचे दिवे अधिकच परके दिसतात.

मेरीच्या मागे लिझी एंगल्सची सहचारिणी झाली होती. निरक्षर, हसतमुख, आयरिश स्वातंत्र्याची कट्टर पुरस्कर्ती अशी ही बाई या घराची यजमानीण होती. १८७८ च्या सप्टेंबरात ती मरणाच्या दारी पडली, तेव्हा विवाहसंस्थेच्या या टीकाकाराने आपले तत्त्व बाजूला ठेवले. तिच्या समाधानासाठी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी जवळच्या सेंट मार्क चर्चचा धर्मोपदेशक घरी बोलावून त्याने तिच्याशी रीतसर लग्न लावले. काही तासांतच, १२ च्या पहाटेपूर्वी, तिने प्राण सोडला. तिच्या कबरीवर तिच्या कॅथलिक श्रद्धेला साजेसा केल्टिक क्रूस उभारला गेला. तत्त्वनिष्ठांना हे रुचणार नाही कदाचित. मला मात्र हा माणूस येथे मोठा वाटतो.

त्यानंतरची वर्षे मृत्यूंची होती. १८८१ च्या डिसेंबरात जेनी गेली. १८८३ च्या जानेवारीत मार्क्सची थोरली मुलगी गेली आणि १४ मार्चला दुपारी, आरामखुर्चीत बसल्या बसल्या, मार्क्स गेला. हायगेटच्या दफनभूमीत मार्क्सला पोचवायला मोजकीच माणसे होती. मागे उरले हस्तलिखितांचे ढीग. मार्क्सचे अक्षर असे की ते वाचू शकणारा जगात जवळजवळ एकटा एंगल्सच उरला होता. 'भांडवल'चा दुसरा खंड त्याने १८८५ मध्ये आणि तिसरा १८९४ मध्ये सिद्ध केला. डोळे अधू झाले तेव्हा काउट्स्की आणि बर्नस्टाइन या दोन तरुणांना समोर बसवून तो ते अक्षर वाचायला शिकवू लागला.

मार्क्सच्या घराची आणखी एक ठेव त्याच्याकडे आली. ती म्हणजे हेलेन डेमुथ. तिला लाडाने लेनशेन किंवा निम म्हणत. शेतकऱ्याच्या घरची ही मुलगी १८४५ साली, जेनीच्या आईने पाठवली म्हणून, ब्रुसेल्सला मार्क्सच्या संसारात आली आणि अडतीस वर्षे तो संसार तिनेच ओढला. सावकार दाराशी आला तर त्याला वाटेला लावणारी तीच आणि बुद्धिबळात मार्क्सला हरवणारीही तीच. मार्क्स वारल्यावर ती एंगल्सचे घर सांभाळू लागली. दोघेही १८२० सालचे. या दोन म्हाताऱ्यांनी मिळून रीजंट्स पार्क रोडवरचे ते घर असे चालवले की, लंडनमधील सारे निर्वासित ते आपलेच समजू लागले.

दर रविवारी संध्याकाळी या घराचे दार उघडे असे. शिफारस घेऊन आलेला कोणीही यावे. टेबलावर बिअर, वाइन, मांसाचे पदार्थ आणि कोशिंबिरी, भोवती चार-पाच भाषांचा गलबला. एंगल्सला अनेक भाषा येत. उत्तेजित झाला की तो अडखळत बोले, तेव्हा हा गृहस्थ वीस भाषांत तोतरे बोलतो असे त्याच्याविषयी गमतीने म्हटले जाई. रात्र चढली की तो गायला लागे. जुने इंग्रजी गाणे 'व्हिकर ऑफ ब्रे' त्याच्या विशेष आवडीचे होते. राजा बदलेल तसा धर्म बदलणाऱ्या एका पाद्र्याचे ते गाणे, आणि त्याने ते जर्मनमध्ये उतरवूनही काढले होते.

नाताळात या साऱ्याला उधाण येई. तयारी कित्येक दिवस आधी सुरू होई. इंग्रजी नाताळाचे पुडिंग म्हणजे आपल्याकडच्या फराळासारखाच खटाटोपाचा कारभार. मनुका, बेदाणे, संत्र्या-लिंबांची पाकवलेली साल, बदाम, पावाचा चुरा, गुरांची चरबी, अंडी, मसाला आणि वर मद्य. सगळे चिरायचे, निवडायचे, मोठ्या भांड्यात कालवायचे, फडक्यात बांधायचे आणि तासन्‌तास उकडायचे. कालवताना घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी डाव फिरवावा, अशी त्या देशात रूढी आहे. लंडनच्या घरांतले स्वयंपाकघर तळघरात असते, तेथे निमचे राज्य होते. तिच्या हाताखाली एक-दोन नव्हे, पुष्कळ पुडिंगे तयार होत, कारण ती एकट्या या घरासाठी नसत. एक पॅरिसला, मार्क्सची मधली मुलगी लॉरा आणि तिचा नवरा पॉल लाफार्ग यांच्याकडे जाई. एक पॅरिसमध्येच राहणाऱ्या रशियन निर्वासित विचारवंत प्योत्र लाव्रोवकडे जाई. वृद्ध लाव्रोव, एकटा जीव, आणि त्याच्या दाराशी दरवर्षी लंडनहून एक पुडिंग! ज्याला टेबलापर्यंत येता येत नव्हते, त्याच्याकडे टेबल असे टपालाने जाई.

मँचेस्टरहून कार्ल शोर्लेमर येई. सेंद्रिय रसायनशास्त्राचा तेथील हा प्राध्यापक, रॉयल सोसायटीचा सदस्य आणि पक्का समाजवादी. त्याच्या चेहऱ्यावर अधूनमधून प्रयोगातल्या स्फोटांच्या खुणा दिसत. १८९२ साली वारेपर्यंत तो या घरचा माणूस होता. एलिनॉर आणि तिचा साथी एडवर्ड अ‍ॅव्हलिंग येत. फ्रेडरिक लेसनर हा शिंपी येई. तो १८४७ पासूनचा जुना सोबती आणि त्या चळवळीपायी तुरुंग भोगलेला. लिझीची भाची मेरी एलन, घरात तिला पम्प्स म्हणत, मुलाबाळांसह गोंधळ घालायला असे. १८८८ साली स्विस सरकारने आपल्या देशातून घालवलेले जर्मन समाजवादी पत्राचे संपादक लंडनला आले. त्यांत एदुआर्द बर्नस्टाइन होता. त्याने पुढे लिहिलेल्या आठवणींमुळे या घरचा नाताळ आपल्याला एवढ्या तपशिलाने ठाऊक आहे.

जर्मनीत सणाची मुख्य घटका म्हणजे २४ तारखेची संध्याकाळ. मेणबत्त्यांनी उजळलेले झाडही मूळचे जर्मनांचेच आणि इंग्रजांच्या घरोघर ते व्हिक्टोरिया राणीच्या जर्मन पतीच्या काळात रुजले. पण हा जर्मन यजमान सण करी तो थेट इंग्रजी वळणाचा, डिकन्सच्या कादंबऱ्यांत वाचावा तसा. दिवाणखान्यात हिरव्या डहाळ्या बांधलेल्या असत आणि मधूनमधून मिसलटोचे झुबके टांगलेले. मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाचा भाऊबंद. त्याच्याखाली सापडलेल्या स्त्रीचे चुंबन घेण्याचा हक्क पुरुषाला मिळतो, अशी इंग्रजांची रीत आहे आणि आमचा चरित्रनायक या हक्काविषयी उदासीन नव्हता. टेबलावर भलीमोठी टर्की असे. शेरी किंवा ब्रँडीत भिजवलेला केक असे. आणि शेवटी खोलीतले दिवे मालवले जात. अंधारात, वर रम ओतून पेटवलेले पुडिंग निळ्या ज्वाळांसह आत येई. ज्वाळा विझायच्या आत प्रत्येकाच्या ताटात त्याचा वाटा पडला पाहिजे, हा नियम.

त्या निळ्या उजेडात कोणाकोणाचे चेहरे उजळत असतील ते आठवून पाहावे. एकाच्या नावाने बर्लिनमध्ये पकड-वॉरंट होते. एकाची वीस वर्षे परदेशात गेली होती. यजमानाचे स्वतःचे जन्मघर त्याला चाळीस वर्षांपूर्वीच पारखे झाले होते. एंगल्सला स्वतःचे मूल नव्हते, लग्न झाले ते काही तासांपुरते आणि त्याचे राष्ट्र म्हणजे एक पोलिसखाते. पण या घरात तो कुटुंबप्रमुख होता. हे घर चालवणे त्याने ग्रंथांच्या संपादनाइतकेच मनावर घेतले होते आणि चळवळीच्या दृष्टीने ते काम कमी तोलाचे नव्हते, असे मी म्हणेन. रशियन आणि जर्मन, शिंपी आणि प्राध्यापक, एकमेकांशी वर्षभर भांडणारे गट येथे एका टेबलावर जेवत. भांडणे थांबत होती असे नव्हे. टेबल मात्र मोडत नव्हते.

त्याच घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निमला एक मुलगा होता. २३ जून १८५१ रोजी सोहोत, मार्क्सच्याच बिऱ्हाडात त्याचा जन्म झाला. त्याचे नाव फ्रेडरिक ठेवले, म्हणजे एंगल्सचे नाव. त्याला लगेच दुसऱ्या कुटुंबात वाढायला दिले. तो पूर्व लंडनमध्ये कामगार म्हणून वाढला, हत्यारे बनवणारा कुशल कारागीर झाला, कामगार संघटनेचा सभासद झाला. आई एंगल्सकडे राहू लागल्यावर तो तिला भेटायला नियमाने येई, पण तो मागल्या दाराने, तळघरातल्या स्वयंपाकघरात. बाप एंगल्सच, असा त्या वर्तुळात समज होता आणि एंगल्सने तो कधी खोडला नाही. मरण्यापूर्वी त्याने हा मुलगा मार्क्सचा असल्याचे सांगितले, असे त्याची शेवटची घरव्यवस्थापिका लुईझे हिने १८९८ मधील एका पत्रात लिहिले. ते पत्र १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाले. बहुतेक चरित्रकार ते मानतात, काही अभ्यासक अजूनही शंका घेतात. पितृत्व कोणाचेही असो, कामगारांच्या मुक्तीचे ग्रंथ जेथे सिद्ध होत होते, त्या घरात एक खराखुरा कामगार खालच्या दाराने येत होता, ही गोष्ट उरतेच. एलिनॉरला सत्य कळले तेव्हा ती हादरली. पण फ्रेडीशी तिने जोडलेले भावाचे नाते अखेरपर्यंत राहिले. एंगल्सच्या मृत्युपत्रात मात्र फ्रेडीचे नाव नव्हते. मित्राची अब्रू झाकण्यासाठी एका मुलाला वाऱ्यावर सोडणे, याला औदार्य म्हणावे की आणखी काही, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

४ नोव्हेंबर १८९० रोजी निम वारली. तिला मार्क्स दांपत्याच्या कबरीतच पुरले. थडग्यापाशी एंगल्स बोलला. आपली चिमूटभर पुंजी तिने मुलाला ठेवली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी एंगल्सला सत्तर वर्षे पूर्ण झाली आणि बेबेल, लीबक्नेख्त, सिंगर हे जर्मन पुढारी मुद्दाम लंडनला आले. पण तळघरातले स्वयंपाकघर सुने झाले होते. व्हिएन्नाहून काउट्स्कीची घटस्फोटित पत्नी लुईझे घर सांभाळायला आली. पुडिंगांचा शिरस्ता मोडला नाही, ती पुन्हा पॅरिसला जाऊ लागली.

१८९४ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एंगल्सने आरंभीच्या ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर एक निबंध लिहिला. बार्मेनच्या प्रार्थनाघरात वाढलेला मुलगा आयुष्याच्या संध्याकाळी पुन्हा त्या विषयाकडे वळला होता. पहिले ख्रिस्ती हे गुलाम, दरिद्री आणि पराभूत लोक होते, त्यांचाही छळ झाला, त्यांनाही हाकलले गेले, आणि आजच्या कामगार चळवळीशी त्यांचे विलक्षण साम्य आहे, असे त्याचे प्रतिपादन. एकांना मुक्ती परलोकात हवी होती, दुसऱ्यांना याच जगात, एवढा फरक. नास्तिकाच्या घरी नाताळ कसा, असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांनी हा निबंध जरूर पाहावा. अर्थात तो सण करताना एंगल्स असा काही सिद्धान्त मनात धरून बसत असे, असे मला वाटत नाही. त्याला माणसे जेवू घालणे आवडत होते.

त्याच वर्षीच्या शरदात त्याने बिऱ्हाड हलवले ते त्याच रस्त्यावर ४१ क्रमांकाच्या मोठ्या घरात. तिसरा खंड नुकताच बाहेर पडत होता. शेवटचा नाताळ त्या नव्या घरात झाला. वसंतात गळ्यापाशी गाठ दिसू लागली, ती कर्करोगाची निघाली. अखेरच्या दिवसांत त्याचा आवाज गेला. गाणारा, गलका करणारा हा माणूस पाटीवर लिहून बोलू लागला. ५ ऑगस्ट १८९५ रोजी त्याचा अंत झाला.

त्याच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले, त्या काळी इंग्लंडात ही गोष्ट नवीच होती. ऑगस्टअखेरीस ईस्टबोर्नच्या किनाऱ्यावरून एक लहान होडी समुद्रात गेली. वारा जोराचा होता. होडीत एलिनॉर, अ‍ॅव्हलिंग, म्हातारा लेसनर आणि बर्नस्टाइन होते. किनाऱ्यापासून काही मैलांवर त्यांनी अस्थिकलश पाण्यात सोडला. त्यामुळे लंडनमध्ये मार्क्सची कबर पाहायला माणसे जातात, तशी एंगल्सची पाहता येत नाही. १२२ क्रमांकाच्या घरावर १९७२ साली एक निळी पाटी लागली, तेवढी आहे.

बर्नस्टाइनला मायदेशी परतायला १९०१ साल उजाडावे लागले. तोवर गुरूच्या सिद्धान्तांशी त्याचे उघड मतभेद झाले होते. मार्क्सवादात सुधारणा हवी म्हणणारा पंथच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि निष्ठावंतांनी त्याला गद्दार ठरवले. म्हातारपणी त्याने परागंदा जीवनाच्या आठवणी लिहिल्या. त्यांत त्या हिरव्या डहाळ्या, ती टर्की, मालवलेले दिवे आणि पेटलेले पुडिंग यांचे वर्णन त्याने सावकाश, काहीही न गाळता केले आहे.